टॉर्क्विल हे नाव चोरीला गेलं त्याची गोष्ट

एडिनबरा
१० फेब्रुवारी १९९७

एफीआत्या,

फोनच करणार होतो. पण तुमच्या दोन घरांत मिळून फोन एकच, तोही बाबांच्या स्वयंपाकघरात, आणि आई गेल्यापासून बाबा त्याच्या शेजारच्या खुर्चीतून हलत नाहीत. म्हणून पत्र.

ऑगस्टमध्ये आम्हाला बाळ होणार आहे. इमोजेन छान आहे. उलट्या थांबल्यात, आता भिंतींचे रंग बदलणं चाललंय. बाबांना तू सांग. मी सांगितलं तर ते "हं" म्हणतील आणि मग आम्ही दोघं मिळून लाइनवरची खरखर ऐकत बसू.

अजून गावात बोलू नकोस. आणि एक. नावाचा विचार सुरू झालाय. इमोजेनला असं नाव हवंय की ऐकणाऱ्याने आधी स्पेलिंग विचारलं पाहिजे. तिच्या मैत्रिणींत सगळ्यांनी एकाहून एक नावं पटकावून ठेवलीत, त्यामुळे ती जरा ताणात आहे. सध्या 'ऑर्लँडो' पुढे आहे. मुलगाच होणार हे तिने ठरवूनच टाकलंय, डॉक्टरला विचारायचं नाही म्हणते.

बाबांचं नावाबद्दल काही विशेष म्हणणं नसेल ना?

तुझा
कॅलम


हालाबोस्ट, लुईस बेट
१८ फेब्रुवारी

कॅलम,

अभिनंदन. इमोजेनला सांग, उलट्यांवर बार्लीचं पाणी. थांबल्या असल्या तरी पी म्हणावं.

तुझ्या बापाला सांगितलं. तो "हं" म्हणाला. मग बाहेर गेला, मेंढ्या बघून आला, आणि खारवलेले हेरिंग मासे आणि बटाटे दोनदा वाढून घेतले. तुझी आई गेल्यापासून दादाने दुसऱ्यांदा वाढून घेतलेलं मी पाहिलं नव्हतं.

गावात मी बोलले नाही. फक्त पोस्टातल्या पेगीला सांगितलं. त्यामुळे रविवारी चर्चमधून बाहेर पडेपर्यंत सगळं गाव बाळाला नावाने ओळखायला लागलं होतं. कुठलं नाव म्हणून काय विचारतोस? पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो. तुझ्या आज्याचं नाव कॅलम होतं म्हणून तू कॅलम. तुझं नाव कुणी बसून निवडलं नाही बाबा. तू यायच्या आधीपासून ते दारात उभं होतं. आमच्या लेखी तुझ्या बायकोच्या पोटात टॉर्क्विल आहे, आणि मंडळींनी त्याच्यासाठी लोकरीचे तीन कोट विणायला घेतलेत.

लहानपणी आमच्या गावात टॉर्क्विल इतके होते की प्रत्येकाला वेगळं टोपणनाव लागायचं. काळा टॉर्क्विल, बोटीवरचा टॉर्क्विल, एक होता त्याला नुसता 'तो दुसरा' म्हणायचे. काही समुद्रात गेले, काही कॅनडात गेले, आणि उरलेल्यांना बायबलमधली नावं बरी वाटायला लागली. आता तुझा बाप एकटाच आहे.

त्याचं म्हणणं काय आहे ते तुला कळलं असेल. तो मात्र ते कधी बोलणार नाही. तोंड उघडून मागावं लागलं तर ते नाव तो घेणारही नाही. तेव्हा मी हे लिहिलं हे त्याला कळता कामा नये.

ऑर्लँडो हे एखाद्या साबणाचं नाव असावं असा माझा अंदाज होता. पेगी म्हणते अमेरिकेत त्या नावाचं गाव आहे.

एफीआत्या

ता. क. अर्थ विचारला तर सांग. नॉर्वेकडून लुटायला आले त्यांचा शब्द. थोर नावाच्या त्यांच्या देवाचं भांडं. कसलं भांडं ते मला माहीत नाही.


एडिनबरा
१० मार्च

आत्या,

जमतंय. म्हणजे जमेल असं दिसतंय.

पहिल्यांदा नाव काढलं तेव्हा इमोजेन म्हणाली की हे घशाच्या औषधासारखं वाटतं. मग विचारलं अर्थ काय. आता 'भांडं' म्हटलं असतं तर संपलंच असतं. म्हणून मी जरा चढवून सांगितलं. देवाचा रांजण, म्हटलं. ती थबकली. म्हणाली, कसला रांजण? मी म्हटलं, प्राचीन.

शनिवारी आमच्याकडे आठ माणसं जेवायला होती. मी बशा लावत होतो तोपर्यंत इमोजेनच्या गोष्टीत रांजणात औषधी वनस्पती पडल्या होत्या. पुडिंग आलं तेव्हा घायाळ योद्धे त्यात बुडवून बरे होऊन बाहेर निघत होते. तिची मैत्रीण अ‍ॅराबेला, तिलाही दिवस गेलेत, ती तर चमचा हातात धरून ऐकतच राहिली. एक बाई मासिकात लिहिते, तिने स्पेलिंग विचारलं. इमोजेनने माझ्याकडे असं बघितलं की लग्नाच्या दिवशीही तसं बघितलं नव्हतं.

तर आता थोडं अजून हवंय. हे नाव तिकडे कसं आलं, त्याच्याशी जोडलेली एखादी जागा, एखादी रीत. जरा वजनदार असेल तर बरं. तिला दुसऱ्या कुणाकडे नसलेली गोष्ट हवी आहे, आणि आपल्याकडे तर ती आहेच ना.

कॅलम


हालाबोस्ट
१९ मार्च

कॅलम,

मी गेली पन्नास वर्षं चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसते. खोटं बोलणार नाही. पण विचारलं नाही ते सांगायलाच पाहिजे असंही कुठल्या स्तोत्रात नाही. तर खरं तेवढं लिहिते, पुढे तुझी बायको जाणे.

दादाच्या गोठ्यामागे एक मोठा दगड आहे. तुझा पणजा टॉर्क्विल रोज संध्याकाळी त्या दगडावर बसायचा. तोंड समुद्राकडे, कारण दुसऱ्या बाजूला गोठा. त्याच्या आधी त्याचा आजा टॉर्क्विल तिथेच बसायचा. त्या दगडावर टॉर्क्विलखेरीज दुसरं कुणी बसलेलं मी पाहिलेलं नाही. (जाळी दुरुस्त करायचं काम त्यांचं असायचं, आणि बसायला तो एकच दगड सपाट आहे. पण हे तिने विचारलेलं नाही.) लुईसचे मॅक्लाउड, म्हणजे आपलं घराणं, स्वतःला टॉर्क्विलचं बीज म्हणवतात. हेही खरं आहे, पुस्तकात छापलेलं आहे.

एवढ्यावर तिचं आणखी आठ माणसांचं जेवण होईल.

इकडची बातमी. दादा संध्याकाळी गोठ्यात काहीतरी ठोकत असतो. मी डोकावले तर जुना पाळणा. तू ज्यात होतास तोच. एक बाजू कुजली होती ती काढून नवी फळी बसवलीय, कडा घासून गुळगुळीत केल्यात. मी विचारलं हे काय चाललंय. म्हणाला, कोंबड्यांना खुराडं. मी म्हटलं, कोंबड्यांना झोका द्यायचा का? तर म्हणाला, अंडी जास्त देतात.

त्याला मी काही सांगितलेलं नाही. पण पोस्टातून येताना तो हल्ली पेगीशी हवेबद्दल बोलतो. पेगी घाबरली आहे.

एफीआत्या


एडिनबरा
१२ मे

आत्या,

वाईट बातमी आहे. बाबांना कसं सांगायचं ते तूच बघ.

अ‍ॅराबेलाला एप्रिलमध्ये मुलगा झाला. आम्ही फुलं घेऊन गेलो. दारातच नवरा म्हणाला, या, टॉर्क्विलला भेटा. इमोजेनच्या हातातली फुलं मीच धरली, नाहीतर पडली असती. अ‍ॅराबेला म्हणाली की नाव तिला स्वप्नात सुचलं. स्वप्नात दगडही होता.

मग वर्तमानपत्रातल्या जन्माच्या रकान्यात अजून एक निघाला. त्या दिवशी जेवायला असलेल्यांपैकीच. मग ती मासिकवाली. तिने अख्खं पानभर लिहिलंय. 'रांजणातून आलेलं नाव.' त्यात असं आहे की लुईस बेटावर टॉर्क्विल हे नाव समुद्राकडे तोंड करून जन्मलेल्या मुलालाच देतात आणि त्याआधी सात पिढ्यांचे वडीलधारे त्याला शिळेवर बसवतात. सात पिढ्यांचे लोक एकदम कुठून आणतात ते लिहिलेलं नाही.

हेही इमोजेनने सोसलं असतं. पण गेल्या आठवड्यात आम्ही बागेत फिरत होतो, आणि मागून एक बाई ओरडली, टॉर्क्विल, ते तोंडातून टाक. आम्ही वळून बघितलं. कुत्रा होता. पिवळा लॅब्राडोर.

इमोजेन घरी येईपर्यंत माझ्या चार पावलं पुढे चालली. मग म्हणाली, "माझ्या मुलाला मी कुत्र्याचं नाव ठेवणार नाही, कॅलम." मी म्हटलं, आधी माझ्या बाबांचं आहे. ती म्हणाली, हो पण हे आता कुणाला माहीत आहे?

ऑर्लँडो परत आलाय. टॉर्क्विल मधलं नाव म्हणून ठेवू, म्हणजे ऑर्लँडो टॉर्क्विल, असं मी सुचवलं. मधलं नाव कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, असं ती म्हणाली, आणि होकार दिला. बाबा समजून घेतील ना? शेवटी नाव ते नावच, मध्ये असो की पुढे.

कॅलम


हालाबोस्ट
२ जुलै

कॅलम,

उत्तराला उशीर केला. रागात पत्र लिहिलं की अक्षर बिघडतं.

पहिल्यांदा तुमच्या मासिकाचा पराक्रम ऐक. गेल्या आठवड्यात दादा लोकर कातरत होता. मेंढी गुडघ्यांत धरलेली, अंगभर घाण. एक जोडपं गाडीतून उतरलं, बाळगाडी घेऊन. चिखलातून ती ढकलत गोठ्यापर्यंत आले आणि विचारलं की शिळा कुठे आहे. दादाने बोट दाखवलं. त्यांनी बाळाला दगडावर ठेवलं, समुद्राकडे तोंड करून. बाळ रडायला लागलं, कारण वारा तिकडूनच येतो. मग त्या बाईने दादाला हळू आवाजात विचारलं, खरा टॉर्क्विल इथेच पुरलाय का?

दादा म्हणाला, "अजून नाही."

आतापर्यंत अशी चार बाळं येऊन रडून गेली. पाळकाने दगडपूजेवर तासभर प्रवचन झोडलं आणि सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. दादा आता जाळं घेऊन घराच्या पायरीवर बसतो. दगडावर रांग असते म्हणतो.

आता तुझ्या पत्राकडे येते. नाव बाजारात गेलं म्हणून तुम्ही ते टाकलं. माझ्या वर्गात सहा मेरी होत्या. एकीमुळे दुसरीचं नाव उष्टं झालं असं कुणाच्या आईला वाटलं नाही. तुम्हाला नाव हवंय ते लोकांनी बघावं म्हणून. आमच्याकडे नाव ठेवतात ते गेलेल्या-राहिलेल्यांचं काही मागे उरावं म्हणून. या दोन गोष्टी एका दुकानात मिळत नाहीत. आणि मधल्या नावाचं म्हणशील तर आमच्याकडे दोन माणसांच्या मधोमध बसवतात ते मेंढपाळाच्या कुत्र्याला, गाडीत.

त्याला सांगायचं मी टाळलं होतं. पण पेगीने मासिक दाखवलं आणि मग तिच्या तोंडून ऑर्लँडोही निघाला. दादा घरी आला. संध्याकाळी गोठ्यात गेले तर पाळण्यात पेंढा भरून त्याने खरोखरच कोंबड्या घातल्या होत्या. मी म्हटलं, दादा, हे काय. म्हणाला, "मी पहिल्यापासून हेच सांगत होतो."

कोंबड्या त्यात बसत नाहीत. हलतं ना ते. सगळ्या जमिनीवर उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या.

एफी


एडिनबरा
४ ऑगस्ट

आत्या,

मुलगी झाली. काल पहाटे. दोघी उत्तम.

खरं सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. मुलगीच झाली म्हटल्यावर बाबांचं नाव ठेवायचा प्रश्नच उरत नाही, म्हणजे कुणी कुणाचं मन मोडलं असंही होत नाही. बाबांना तसं सांग. फोन केला तेव्हा त्यांनी फक्त वजन विचारलं आणि "हं" म्हणाले.

इमोजेन मात्र हैराण आहे. मुलीच्या नावाची तयारीच नव्हती. जे सुचतं ते कुणीतरी आधीच घेतलेलं निघतं. आज सकाळीच अ‍ॅराबेला भेटायला आली आणि म्हणाली, अरेरे, मुलींची चांगली नावं तर कधीच संपली.

कॅलम


हालाबोस्ट
८ ऑगस्ट

प्रिय इमोजेन,

मी कॅलमला लिहिते, तुला कधी लिहिलं नाही. चूक माझी. मुलीबद्दल अभिनंदन. सोबत कोट पाठवते आहे. तिन्ही मुलाच्या हिशेबाने विणलेले आहेत, पण तिला ते कळायचं नाही.

नावाचा त्रास चालला आहे असं कळलं. मी त्यात पडणार नाही. तुमच्या शहरातलं मला काय कळतं?

गंमत म्हणून आमच्याकडची एक रीत सांगते. आमच्याकडे मुलगी झाली म्हणून आजोबा सुटत नाही. आजोबा मर्डो असेल तर नात मर्डिना. डोनाल्डची डोनाल्डिना. ह्यूची ह्यूइना, ती माझ्याबरोबर मासे खारवायला होती आणि तिच्या वाटेला कुणी जात नसे. आजोबाच्या नावाला शेपूट जोडायचं की झालं मुलीचं नाव. दिसायला नीटस नाही, पण आमच्या अर्ध्या बायका अशाच नावांनी जगल्या, आणि मुलं, घर, गुरं सांभाळून मेल्या.

टॉर्क्विलला मात्र ते शेपूट जोडलेलं मी माझ्या आयुष्यात ऐकलं नाही. टॉर्क्विलिना. आमच्या बायका कणखर, पण त्यांचीसुद्धा छाती झाली नाही. जड आहे फार. आई जरा कच्ची असेल तर पहिल्या चहापानालाच नाव मागे घेईल. कुत्र्याला तर कुणी ठेवणारच नाही, हाक मारेपर्यंत कुत्रा पुढच्या गावात.

म्हणून तू ते ठेवावंस असं मी मुळीच म्हणत नाही. एडिनबरामध्ये कुणाला ते झेपेल असं मला वाटत नाही. तुझ्या त्या मैत्रिणीला तर नाहीच.

बार्लीचं पाणी चालू ठेव.

एफी मॅक्लाउड


[पोस्टकार्ड. पुढे एडिनबराचा किल्ला.]

१६ ऑगस्ट

प्रिय एफीआत्या,

नोंदणी करून आलो. टॉर्क्विलिना. कारकुनाने दोनदा स्पेलिंग विचारलं आणि तिसऱ्यांदा मला बरं वाटतंय का ते विचारलं. अ‍ॅराबेलाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, हे मला स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं.

तुम्ही माझ्यावर डाव टाकलात ते मला पत्राच्या मध्यावरच कळलं होतं. कोट फार सुंदर आहेत.

इमोजेन


हालाबोस्ट
२६ ऑगस्ट १९९७

टॉर्क्विलिना,

तुला वाचता येत नाही हे मला माहीत आहे. मलाही पत्र लिहायची सवय नाही. फिट्टंफाट.

तुझं नाव एफीने सांगितलं. मी म्हटलं, पोरीला असलं नाव ठेवणं म्हणजे वासराच्या मानेवर नांगर ठेवणं. तुझ्या आईबापाला कुणीतरी थांबवायला हवं होतं. मग मी जरा बाहेर जाऊन आलो. मेंढ्या बघायच्या होत्या. मेंढ्या ठीक आहेत. एफी म्हणते मी दोन तास मेंढ्या बघत होतो. तिला घड्याळ कळत नाही.

नावाबद्दल तू पुष्कळ काही ऐकशील. रांजण, योद्धे वगैरे. त्यातलं मला काही ठाऊक नाही. मला ते माझ्या आज्याकडून मिळालं, त्याला त्याच्या आज्याकडून. अर्थ भांडं. त्यात काय शिजत होतं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. बटाटे असावेत असं मला वाटायचं, पण शाळेतले मास्तर म्हणाले तेव्हा बटाटे नव्हते.

शाळेत तुला चिडवतील. मलाही चिडवायचे. एकाला मी डबक्यात ढकललं होतं. तो पुढे आमचा पाळक झाला, तेव्हा ढकलण्याने मुलांचं नुकसान होतंच असं नाही.

तुझी आई म्हणते की जगात हे नाव तुझ्या एकटीचं आहे आणि तिला त्याचा आनंद आहे. तिला आनंद असेल तर असो. मी एकट्याचं नाव बरीच वर्षं वागवलंय. त्यात काही गंमत नाही.

पुढच्या वर्षी लोकर कातरायच्या वेळेला तुला घेऊन या असं मी कॅलमला फोनवर सांगितलं आहे. तो म्हणाला, बाबा, तुम्ही स्वतःहून फोन केलात? मी म्हटलं, वजन विचारायला केला.

आमच्याकडे जेवण झालं की एफी दारात उभी राहून हाक मारते. वारा असतो, त्यामुळे शेतापर्यंत पुढचा भाग तेवढा पोचतो, मागचं शेपूट वाऱ्यात जातं. तिने कुणाला बोलावलं ते काही कळायचं नाही. आपण दोघंही निघायचं.

टॉर्क्विल